‘कोणाकडून’चा रकाना

सव्वीस वर्षं मी नगरपालिकेत आवक कारकून आहे. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जातो. क्रमांक, तारीख, विषय, कोणाकडून. चार रकाने, आणि सव्वीस वर्षांत एकही रिकामा सोडलेला नाही. माझ्या पाठीमागे लोक मला ‘रकानेसाहेब’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांची रजिस्टरं बघितली तर घास गिळवत नाही.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला की पैशांची अफरातफर थांबवायला प्रत्येक कार्यालयाने फाटकाशी एक पेटी लावावी. पेटी लागली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गैरव्यवहार दिसल्यास कळवा. नाव लिहिण्याची गरज नाही.’ किल्ली माझ्याकडे. दर सोमवारी शिपायाला बरोबर घेऊन ती उघडायची आणि आत जे असेल ते रजिस्टरला चढवायचं. पहिले चार महिने बसची तिकिटं निघाली, आणि एकदा मेलेली पाल.

पाचव्या महिन्यात कागद निघाला. बाजारामागच्या गल्लीत ऐंशी पाइप टाकल्याचं बिल ठेकेदाराला मिळालं आहे, जमिनीत तीसच आहेत, खोदून बघा, इथे कुंपणच शेत खातंय. अक्षर वेडंवाकडं, मुद्दाम डाव्या हाताने काढलेलं. खाली नाव नाही.

"आता ‘कोणाकडून’मध्ये काय लिहू?" मी म्हणालो.

"लिहा की, निनावी," शिपाई म्हणाला. "पेटीवर तसंच लिहिलंय."

"पेटीवर लिहिलंय. माझ्या रजिस्टरवर नाही लिहिलेलं."

मग मी कागद नीट पाहिला. एक कोपरा फाडलेला, पण रेघा हिरव्या. हिरव्या रेघांच्या वह्या फक्त आमच्या कार्यालयासाठी छापल्या जातात आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिक्का असतो. शहाण्याने शिक्का फाडला होता, रेघा तशाच राहिल्या. अशा दोन डझन वह्या मीच कपाटातून घरी नेल्या होत्या. एक डझन माझ्या माळ्यावर, एक डझन मेहुण्याच्या मुलीला शाळेसाठी. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच पाणी खात्यात फिटर, मीच चिकटवलेला. ते तीस पाइप त्यानेच जोडले होते.

उद्या कुणी या कागदावरून कपाटातल्या वह्या मोजायला घेतल्या, तर पहिला मीच सापडणार होतो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आणि रागही होता. मागे चार पाहुण्यांत मेहुणा म्हणाला होता, "भावोजी पाहुण्यालासुद्धा आधी नंबर देतात, मग पाणी." सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जास्त हसली.

चौथ्या रकान्यात मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा आणि पत्त्यासकट. अक्षर छान आलं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं तेव्हा शेजारी पाणी खात्याचा इंजिनिअर बसला होता. ऐंशी पाइपांच्या बिलावर सही त्याचीच होती.

"कशावरून म्हणता?" साहेब म्हणाले.

"साहेब, घरचाच माणूस आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. पण कार्यालयाच्या वह्या त्याच्या घरी आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

इंजिनिअरने मला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा बसलो.

दुपारी दोन माणसं मेहुण्याच्या क्वार्टरमध्ये गेली आणि मुलीच्या दप्तरातून वह्या काढून घेऊन आली. भूगोलाची अर्धी लिहिलेलीसुद्धा आणली. चौकशीला इंजिनिअरच बसला, कारण खात्याच्या माणसाची चौकशी खात्याच्या प्रमुखाने करायची असा नियम आहे. साक्षीला मी होतो.

"वह्या कुठून आणल्या?"

मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. मी पंख्याकडे बघत राहिलो. त्याने नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि माझ्याबरोबर त्याची बहीण रस्त्यावर आली असती. त्याला ते कळत होतं. मला ते कळतंय हेही त्याला कळत होतं.

"आणल्या," एवढंच तो म्हणाला.

नोकरी गेली. क्वार्टर आठ दिवसांत रिकामं करायचं ठरलं. तक्रारीवर शेरा पडला, ‘तक्रारदार स्वतःच अपहार करणारा असल्याने दखल घेण्याचे कारण नाही.’ शिपाई पुटपुटला, "चोर सोडून संन्याशाला फाशी." मी त्याला चहा आणायला पिटाळलं. वर्षाच्या अहवालात आमच्या कार्यालयाच्या नावापुढे लागलं: उघडकीस आलेले गैरव्यवहार, एक. मला प्रशस्तिपत्र मिळालं, फ्रेम करून. बाजारामागच्या गल्लीत बायका अजून घागरी घेऊन टँकरची वाट बघतात.

मेहुण्याचं सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी बायको तिकडे गेली होती. परत आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"वह्या तुम्ही दिल्या होत्या. तिथे सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

"त्याला विचारलं. तुम्ही समोर होतात."

तिने ताट वाढलं, स्वतः जेवली नाही.

पुढच्या सोमवारी पेटी उघडली. आत एक घडी घातलेला कागद. रेघा हिरव्या, कोपऱ्यातला शिक्का शाबूत. बायकोचं अक्षर मी लग्नाआधीपासून ओळखतो. ‘त्या वह्या माझ्या नवऱ्याने कार्यालयातून आणल्या. माझा भाऊ चोर नाही.’ खाली तिचं पूर्ण नाव, पत्ता, सही, तारीख. इतका नीट भरलेला कागद माझ्याकडे वर्षानुवर्षं आला नव्हता.

शिपाई मान वळवून रस्त्याकडे बघत उभा होता. मी कागद खिशात घातला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पेटी रिकामी.’ ओळ वाकडी गेली.

घरी आलो तेव्हा ती भाकरीचं पीठ मळत होती.

"मिळाला कागद?"

"पेटी रिकामी होती," मी म्हणालो.

ती पाठमोरीच होती. पिठाने भरलेल्या बोटांनी तिने वर माळ्याकडे दाखवलं.

"अकरा वह्या कोऱ्या आहेत अजून. दर सोमवारी एक पान टाकीन," ती म्हणाली. "हात धुऊन या. जेवायला वाढते."