बिनचौकटीचं चित्र

गुरुप्रसादच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्याच्या चित्रसंग्रहाचं पुस्तक निघतंय, प्रस्तावना मी लिहावी, एवढंच त्यात होतं. मी कॉलेजचा ग्रंथपाल. तो विद्यार्थी असताना चित्रकलेची जाड पुस्तकं मी त्याला नियम मोडून घरी न्यायला द्यायचो. पुढे त्याने लोखंड ओतायची फाउंड्री काढली आणि आधुनिक चित्रं घेत सुटला. आता त्याच्या कसबा बावड्याच्या बंगल्यात जिन्यापासून देवघराच्या दारापर्यंत विसावं शतक टांगलेलं आहे. पण पुस्तकं देणं वेगळं आणि चित्रं कळणं वेगळं. ‘मला जमणार नाही’ असं लिहायचीही माझी हिंमत होत नव्हती.

दसरा झाल्यावर तो स्वतःच गाडी घेऊन आला.

“सर, पत्र पोचलं न्हाय, का लिहायचं न्हाय?”

“विचार चालू आहे.”

“मग आमच्या घरात बसून करा की.”

त्याच्या दिवाणखान्यात नवरात्रातच आणलेलं एक भलंमोठं करडं चित्र होतं. करड्यावर करडं, आणि खाली उजवीकडे एक लहानसा लाल ठिपका. मी बराच वेळ बघत राहिलो. गुरुप्रसाद मागे निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा उभा होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

“हा ठिपका,” मी घसा साफ केला, “सगळं चित्र याच्यावर तोललंय. तो नसता तर नुसतं आभाळ भरून आल्यासारखं वाटलं असतं.”

“ऐकलंस ताई?” तो मोठ्या बहिणीकडे वळून ओरडला. “ह्याला म्हणत्यात नजर!”

ताई चहा घेऊन येत होत्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्यो व्हय? कुंकू हाय ते. खंडेनवमीला मी लावलं.”

“चित्राला?” गुरुप्रसादचा आवाज चिरकला.

“तुझ्या भट्टीला लावतोस, गाडीला लावतोस, ह्यांनी काय घोडं मारलंय? बाकीच्यांना चौकटीवर लावलं. ह्याला चौकटच न्हाय, मग अंगावर लावलं.”

मी चहाच्या कपात बघत राहिलो. कानशिलं तापली होती. घरी चालत जायला किती वेळ लागेल, याचा विचार करत होतो.

“अगं, परवा मुंबईच्या पावण्यांना मी सांगितलं, ठिपक्यात सगळं हाय म्हणून!” गुरुप्रसाद खुर्चीत बसला. “त्यांनी फोटोबी काढले.”

“मग खोटं काय सांगितलंस? चांगलं कुंकू हाय ते.” ताई हसत आत गेल्या.

तो मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, “सर, खरं सांगू? मलाबी कळत न्हाय. नुसतं बघत बसायला बरं वाटतं. तुम्ही लिहिलं, तर लोकांनी काय विचारलं की तुमची प्रस्तावना पुढं करीन म्हटलं. आता राहू दे. तुम्हाला उगंच त्रास.”

एवढा मोठा कारखानदार, पण बसला होता माझ्यासारखाच, अंग चोरून. त्याने मला घरी सोडलं.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो आणि पहिल्यांदाच खाडाखोड केली नाही.

‘प्रिय गुरुप्रसाद, प्रस्तावना लिहितो. आपल्या दोघांनाही जे कळत नाही ते ‘कळत नाही’ असंच लिहीन, आणि तरी तू रोज का बघत बसतोस, तेही लिहीन. त्यासाठी मला तुझ्याकडे पुष्कळदा येऊन बसावं लागेल. चालेल ना?’

सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं. अर्धं बाहेर राहिलं होतं, ते बोटांनी आत ढकललं, परत काढता येणार नाही इतकं.