किटलीशेजारचे पोलाद

मी एक जुना झुलता हातोडा आहे, मित्रांनो. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. शेफील्डमधल्या एका पोलाद-संशोधन समितीने मला घडवून घेतले, ते पोलादाचे नमुने तोडायला. चिवट तुकडा तोडताना माझा दम निघे आणि मी पलीकडे जेमतेम वर चढे. ठिसूळ असला की काडकन मोडून मी थेट वर! मला तेच आवडे. माणसांची तोंडे मात्र तेव्हा उतरत.

मला चालवीत हॅलमकाका आणि त्यांची मदतनीस विनिफ्रेड. काकांची बोटे संधिवाताने आखडलेली, गार लोखंड त्यांना धरवत नसे. म्हणून ती सगळे तुकडे शेगडीवर, चहाच्या किटलीशेजारी ठेवी.

"घ्या काका, गरमागरम!" असे म्हणून हसे.

एका हिवाळ्यात कोळशाच्या खाणीत माणसांना खाली नेणारा पिंजरा ज्याला टांगलेला असे, तो आकडा तुटला. नशीब, पिंजरा रिकामा होता. विनिफ्रेडचे वडील रोज त्यातूनच उतरत. समितीने त्या आकड्याचे पोलाद पुन्हा पुन्हा माझ्यापुढे धरले. दर वेळी ते चिवटच निघाले. मग तशाच पोलादाचा नवा आकडा बसला. "चिवट होते, तर तुटले कसे?" विनिफ्रेड पुन्हा पुन्हा विचारी. मीही बेचैन होतो, सारखा कुरकुरत होतो.

पुढे खाणकामगारांचा संप झाला. कोळसा मिळेना, आमची शेगडी विझली. शेवटची चाचणी पाहायला समितीची मंडळी कोट घालूनच बसली. काकांनी कुडकुडत तुकडा बसवला, मला सोडले.

काडकन! मी इतका उंच गेलो की अध्यक्ष दचकून मागे सरले.

"हे दुसरेच पोलाद दिसतंय!"

विनिफ्रेड पांढरीफटक पडली. "तेच आहे, साहेब. फक्त आज शेकलेलं नाही, गारठ्यानं ठिसूळ झालंय. खाणीच्या तोंडाशी त्याला कोण शेकणार?"

काकांनी आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिले. "पोरी, माझ्या बोटांचे लाड केलेस आणि बापाचा जीव टांगलास की गं!"

ती ढसाढसा रडली.

संप मिटायच्या आत आकडा बदलला, गारठ्यातही चिवट राहणाऱ्या पोलादाचा बसवला. कामाच्या पहिल्याच सकाळी दंव गोठवणारी थंडी पडली होती. संध्याकाळी तिचे वडील काळ्या तोंडाने वर आले आणि त्यांनी आधी चहा मागितला.

आता मी संग्रहालयात आहे, खीळ घालून जखडलेला. दालन छान उबदार आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. मित्रांनो, माझा गंज काढा किंवा राहू द्या. पण ज्याच्यावर माणसाचा जीव टांगायचा, ते जिथे वापरायचे तिथल्याच थंडीत तपासा. बाहेर दंव गोठले की माझा जीव वरखाली होतो. कुणीतरी ती खिडकी उघडा रे!