घंटा झाली, पेन खाली

मी घंटा बोलतेय. शाळेच्या व्हरांड्यात, ऑफिसच्या खिडकीबाहेर लोखंडी हुकाला टांगलेली असते ना, ती मीच. अंगाने गोल, जाड, काशाची. दिसायला देखणी नाही, पण आवाज असा की मैदानाच्या कडेला भिंतीवर चढलेलं पोर टुणकन खाली उडी मारायचं. मध्यंतरी हे बंद पडलं होतं. ते कसं बंद पडलं आणि पुन्हा कसं सुरू झालं, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म भट्टीतला. तांबं आणि कथील वितळवून कारागिराने मला साच्यात ओतलं. गार झाल्यावर त्याने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला, "कुठे चीर नाही. ही खोटं बोलायची नाही." तेवढी एकच शाबासकी घेऊन मी शाळेत आले.

शाळेत मला शिपाईकाकांच्या हाती दिलं. काका तेव्हा काळ्या केसांचे होते. एका हातात लाकडी मोगरी, नजर भिंतीवरच्या घड्याळावर, आणि कमरेला ऑफिसची किल्ली. त्यांनी टोल दिला की शाळेत कुणाचंच काही चालायचं नाही. मोठ्या बाईंनासुद्धा वाक्य अर्धवट सोडावं लागे. परीक्षेत तर नियमच होता: घंटा झाली, पेन खाली. एक गोष्ट मला फार लवकर कळली. कुणाला मी लवकर वाजायला हवी असते, कुणाला उशिरा. वेळेवर वाजलेली मात्र कुणालाच आवडत नाही.

मग एक दिवस ऑफिसात कॉम्प्युटर आला. वर्गावर्गात स्पीकर बसले आणि वेळ झाली की त्यांतून आपोआप टिंगटाँग व्हायला लागलं. वर्षानुवर्षं टोल खायचे मी आणि आयत्या बिळावर हा नागोबा! माझ्या हुकाला गंज चढला. एका सरांनी तर माझ्या अंगावर ओली छत्री अडकवली आणि विसरून गेले. काकांनी तेवढी माया सोडली नाही. रोज सकाळी ऑफिस उघडलं की ते आधी मला पुसायचे आणि मग त्याच ओल्या फडक्याने चालू कॉम्प्युटरही पुसायचे, कीबोर्डसकट. पडद्यावर काहीतरी भलतंच उमटलं की दचकून मागे सरायचे आणि कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघत बाहेर यायचे.

आता डॉक्टरिणीची ओळख करून देते. नववीतली मुलगी. शाळेतलं कुठलंही यंत्र आजारी पडलं की हिलाच बोलावणं जायचं, म्हणून हे नाव पडलं. प्रोजेक्टर लागत नाही? बोलवा डॉक्टरिणीला. गुण भरताना पान अडकलं? बोलवा डॉक्टरिणीला. कॉम्प्युटरचे सर एकटे, कामं शंभर. ते कंटाळून म्हणायचे, "अगं, तूच बघ ना जरा. पासवर्ड तुला माहीतच आहे." खरंच माहीत होता. सगळ्या शाळेला एकच पासवर्ड होता, आणि लक्षात राहावा म्हणून तो शाळेच्याच नावाचा केला होता. मोठ्या माणसांना स्वतःच्या घराला कुलूप लावायचं कळतं, पण हे कुलूप म्हणजे त्यांना नसता व्याप वाटतो.

पोरीचे हात शिवशिवत होतेच. तिने कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत बसल्या बसल्या त्याच पासवर्डने घंटेचं वेळापत्रक उघडलं आणि मधली सुट्टी थोडीशी लांबवली. सुट्टीनंतर नववीला गणिताचा तास असे. सुरुवातीचा वेळ सुट्टीने खाल्ला, मग तिने शेवटही अलीकडे ओढला. गणिताचे सर म्हणायचे, "हल्ली तास कसे भुर्रकन जातात!" वर्ग खाली मान घालून हसायचा. ती वर्गाची लाडकी झाली. मला संशय आला होता, कारण माझ्या समोरच भिंतीवर घड्याळ आहे. पण मोगरी बसल्याशिवाय मी बोलत नाही, हा माझा स्वभाव.

हसण्यावारी चाललेलं एक दिवस अंगाशी आलं. त्या दिवशी सहावीची चाचणी परीक्षा होती आणि पेपर नेमका गणिताचा तास संपवणाऱ्या त्याच टिंगटाँगला संपायचा होता. हे डॉक्टरिणीच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्पीकर वाजला, दहा मिनिटं आधी. पर्यवेक्षण करणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. घंटा झाली, पेन खाली. भराभर पेपर गोळा झाले. सहावीची पोरं व्हरांड्यात आली तेव्हा एक मुलगी माझ्याखाली उभी राहून हुंदके देत होती. "शेवटचं गणित मला येत होतं गं," ती मैत्रिणीला सांगत होती. "येत होतं मला!"

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील ऑफिसात आले. मोठ्या बाईंनी चौकशी केली, टिंगटाँग चुकल्याचं उघड झालं आणि बाईंनी काकांना बोलावलं. किल्ली त्यांच्याकडे, सकाळी पहिल्यांदा ऑफिसात पाऊल त्यांचं.

"तुमचा हात लागला का कॉम्प्युटरला?" बाईंनी विचारलं.

काका मान खाली घालून म्हणाले, "लागला असेल, बाई. मी रोज पुसतो ना तो. परवा पुसताना पडद्यावर काहीबाही आलं होतं."

त्यांना तसंच वाटत होतं हो! आपल्याच फडक्याने पोरांचा पेपर बुडवला, अशी त्यांची खात्री झाली होती. बाईंनी किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. उद्यापासून मागच्या फाटकावर बसायचं, ऑफिसात यायचं नाही. इतकी वर्षं कमरेला असलेली किल्ली काकांनी दोनदा चाचपडून मग सोडवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांदेखत पाहिलं. दारात वर्गाची हजेरी द्यायला आलेली डॉक्टरीण उभी होती. तिने सगळं ऐकलं, हजेरी ठेवली आणि निघून गेली. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. काका फाटकावर बसून राहायचे. माझ्याकडे बघायचेही नाहीत.

दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. डॉक्टरीण आत शिरली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. बोटं भराभर चालत होती. तेवढ्यात कॉम्प्युटरचे सर आले.

"काय चाललंय?"

ती उठली नाही. "काकांना वाचवतेय, सर. प्रोग्राममध्येच बिघाड झाला होता, असं इथे दाखवते. मग कुणाचाच दोष नाही निघणार."

"आणि बिघाड झाला होता का?"

"नाही."

"मग?"

तिने कीबोर्डवरची बोटं उचलली. "मी केलं होतं," ती म्हणाली. "गणिताचा तास कमी करायला. सहावीचा पेपर माझ्या लक्षातच नव्हता, सर. देवाशप्पथ."

सर काकांच्या रिकाम्या स्टुलावर बसले. त्यांना गप्प बसणं सोपं होतं. पासवर्ड त्यांनीच दिलेला, बोभाटा झाला तर त्यांचंही नाव येणार. मी खिडकीतून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते शेवटी म्हणाले, "वडाची साल पिंपळाला लावून काका वाचणार नाहीत. त्यांना तरी खरं कळायला नको? ऊठ. मीपण येतो. पासवर्ड मी दिला होता, हेही सांगायचंय."

त्या दुपारी ऑफिसात मोठी सभा भरली. गणिताचे सर तापले होते. "नाव काढा शाळेतून! आज घंटा, उद्या गुण बदलेल." एक बाई म्हणाल्या, "पोलिसांत द्या." डॉक्टरिणीची आई आली होती. दुकानात कपडे शिवायचं काम टाकून तशीच आलेली, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. ती म्हणाली, "काय शिक्षा द्यायची ती द्या, बाई, पण शाळा नका सोडवू. घरी ही सगळ्यांचे मोबाइल उघडून द्यायची. आम्ही कौतुकच करत आलो. दुसऱ्याचं उघडू नये, हे सांगायचं राहूनच गेलं."

मोठ्या बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग डॉक्टरिणीला विचारलं, "गुण बदललेस का कधी?"

"नाही. बदलता आले असते. नाही बदलले."

कॉम्प्युटरच्या सरांनी तपासून पाहिलं होतं, ते खरं निघालं. बाई म्हणाल्या, "नाव काढलं तर ही दुसऱ्या शाळेत जाऊन हेच करील, आणि आपण आपला पासवर्ड तसाच ठेवू. त्याने काय साधलं? सहावीचा पेपर पुन्हा होईल. वर्गात जाऊन त्यांना तू स्वतः सांगायचं, का होतोय ते. आधी फाटकावर जायचं. आणि सत्र संपेपर्यंत तो कॉम्प्युटर घंटा वाजवणार नाही."

"मग कोण वाजवणार?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"ही."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

बाईंनी किल्ली स्वतः नेऊन काकांच्या हातात दिली. डॉक्टरीण त्यांच्यामागे उभी होती. "काका, तुमच्या फडक्याने काही झालं नव्हतं. मी केलं होतं. आणि बाई तुम्हाला बोलल्या तेव्हा मी ऐकत उभी होते."

काका लगेच विरघळले नाहीत, बरं का. म्हणाले, "घरी जेवण गेलं नाही मला. त्या पोरीचं रडणं कानात होतं. तुझं हसणं झालं, पण माझा जीव टांगणीला लागला." ती रडायला लागली तरी त्यांनी समजूत घातली नाही. किल्ली कमरेला लावली आणि चालता चालता म्हणाले, "मोगरी कपाटावर आहे. धूळ झटकून आण."

पहिले टोल तिने असे दिले की मलाच लाज वाटली. काठावर मारायची, भसाभसा मारायची. काका ओरडायचे, "अगं, भांडी घासतेस का? मध्यावर मार. पहिला आवाज जाऊ दे, मग दुसरा." तिकडे सर तिला बरोबर घेऊन प्रत्येक कामाला वेगळा पासवर्ड करत होते आणि एकही तिला सांगत नव्हते. एक शिक्षक विसरला म्हणून तिच्याकडे आला, तर ती म्हणाली, "सरांना विचारा. मला नका सांगू." सहावीने पुन्हा पेपर दिला. रडलेली ती पोर बाहेर येताना माझ्याखालून उड्या मारत गेली.

सत्राच्या शेवटी नववीचा गणिताचा पेपर आला. घंटा द्यायची पाळी डॉक्टरिणीचीच, कारण शिक्षा संपायला तो एकच दिवस उरला होता. काका मोगरी घेऊन तयार उभे होते. त्यांना वाटलं, पोरगी पेपरात आहे, आपणच द्यावा टोल. पण ती वर्गातून धावत आली. बोटांना शाई, हातात उघडं पेन.

"तू कशाला आलीस? झालं का लिहून?"

"शेवटचं गणित राहिलंय. येतंय मला, काका."

काकांनी वर्गाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. अजून काटा जागेवर आला नव्हता. मग हळूच म्हणाले, "जा, लिही जा. मी जरा दमाने देतो टोल. कुणाला काय कळतंय?"

तिनेही वर्गाकडे पाहिलं. मला ते दोन क्षण फार जड गेले. मग तिने पेन खिशात टाकलं, काकांच्या हातून मोगरी घेतली आणि काटा जागेवर येताच मध्यावर टोल दिला. पहिला आवाज पुरता जाऊ दिला. मग दुसरा.

आता कॉम्प्युटर पुन्हा वाजतो, आणि चांगला वाजतो, खोटं कशाला बोलू! पण शाळा भरण्याचा पहिला टोल अजून माझाच असतो, आणि शिक्षा संपली तरी तो डॉक्टरीणच देते. माझं मागणं फार नाही. तेवढा एक टोल माझ्याकडे राहू द्या, आणि माझ्या अंगावर छत्र्या अडकवू नका.

त्या पेपरात तिला गुण कमी पडले. काकांनी मला पुसता पुसता तिला विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

ती म्हणाली, "वाटतं ना." आणि मोगरी उचलली.