साठ दिवसांत परत करायचा कागद

ज्या वर्षी आमच्या लेकीला, लुव्हिनियाला, जुळे मुलगे झाले, त्याच वर्षी मार्चमध्ये मी भिंतीवरची लग्नाच्या कागदाची चौकट खाली काढली. बाळं बघायला माणसं येणार होती आणि काचेवर स्टोव्हचा धूर बसला होता. पुसता पुसता वाटलं, आता वाचूनच बघावं. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी मोठ्या माणसांसाठी अक्षरांचा वर्ग चालायचा. हिवाळाभर मी तिथे जात होते. पंचावन्न वर्षांची होते तेव्हा.

टॉलिव्हर खिडकीपाशी बसला होता. हृदय सुजलंय, फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो दिवसभर त्याच खुर्चीत असायचा.

"वाच की, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "बघू तरी काय शिकलीस ते."

"गप बस, नाहीतर छडी खाशील."

मी बोट ठेवून वाचत गेले. टॉलिव्हर गेन्स, वय तेवीस. आर्डेला पोल्क, वय अठरा. दोघेही याच काउंटीचे रहिवासी.

"हे बघ माझं नाव," मी म्हणाले. "सदतीस वर्षं भिंतीवर होतं आणि आमची ओळख आज होतेय."

तो हसला आणि हसता हसता खोकला.

मग मी कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर आले. तिथे छापलं होतं की वरील दोघांचा विवाह मी अमुक तारखेस लावला. तारखेची जागा कोरी होती. पाद्रीच्या सहीची जागाही कोरी. अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी दोनदा लावून पाहिली. विवाह झाल्यावर हा कागद साठ दिवसांच्या आत परत आणून नोंदवावा.

"थांबलीस का?"

"चष्मा धुरकटलाय."

"पुढे काय लिहिलंय?"

"तारीखबिरीख," मी म्हणाले आणि चौकट पलंगावर पालथी ठेवली.

पन्नास साली, कापूस वेचून झाल्यावर, आम्ही लग्नाचं लायसन काढायला गेलो होतो. कोर्टाच्या इमारतीला आम्हा काळ्यांसाठी बाजूचं दार होतं. टॉलिव्हर आत गेला आणि मी दाराशी उभी राहिले. खिडकीतल्या गोऱ्या माणसाने मला आत बोलावून फक्त वय विचारलं, सहीच्या जागी दोघांच्या फुल्या घेतल्या आणि मला परत दाराशी पाठवलं. कागद मोठा होता, त्यावर सोनेरी शिक्का होता. रविवारी आमचे पाद्री रेव्हरंड टटवायलर यांनी दोन्ही हात त्या कागदावर ठेवून प्रार्थना केली. त्यांना बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ होतं, पण अक्षर एकही येत नव्हतं. सही करायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. कागद मिळाला म्हणजे लग्न झालं, अशीच आमच्याकडची समजूत. त्यानंतर टॉलिव्हरने गावातून चौकट आणली.

चौकट पुन्हा टांगली, पण त्या रात्रीपासून मला झोप लागेना. आणि दोनच दिवसांनी टॉलिव्हरच्या पुतण्याचा, रॉस्कोचा, शिकागोहून फोन आला.

"काकू, काकांचं कसं काय?"

"बसलेत. खातायत थोडं थोडं."

"देव करो आणि बरे होवोत. मी काय म्हणतो, ते लाकूडवाले घरामागच्या पाइनच्या झाडांचं पुन्हा विचारत होते. उद्या काही झालं, तर तुमच्या लग्नाची नोंद वगैरे आहे ना जागेवर?"

"भिंतीवर आहे."

"भिंतीवरचं नाही चालत, काकू. कोर्टाच्या पुस्तकातलं लागतं. नाहीतर जमीन शेवटी आजोबांच्या रक्ताला जाते. म्हणजे माझ्याकडेच," तो हसून म्हणाला. "पण तुम्हाला कसली काळजी!"

घर आणि मागची बारा एकर जमीन टॉलिव्हरच्या वडलांची होती. मृत्युपत्र लिहिलं की मरण पत्ता विचारत येतं, असं टॉलिव्हरचं म्हणणं. त्याने ते कधी केलं नाही. आता पुस्तकात मी त्याची बायको नसेन, तर माझी चार मुलं कागदावर कोणाची? आणि तो गेल्यावर मी या घरात कोण?

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांचं औषध आणायला जाते असं सांगून, मी कोर्टात गेले. सदतीस वर्षांनी.

खिडकीत लुव्हिनियाच्या वयाची एक गोरी मुलगी होती. "बोला मॅडम," ती म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"लग्नाची नोंद बघायची होती. पन्नास सालची."

"पन्नास..." तिचे कान लाल झाले. "तेव्हा पुस्तकं वेगवेगळी होती. तुमची तळघरात आहेत. आणते हं."

पुस्तक इतकं जड होतं की तिने ते छातीशी धरून आणलं. "मी शोधून देऊ?"

"नको. मला वाचता येतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

आमचं नाव सापडलं. लायसन दिल्याची तारीख होती. 'परत आले' असं छापलेल्या रकान्यात काहीच नव्हतं. मी बोट वर नेलं, मग खाली नेलं. त्या हिवाळ्यातली सात लग्नं रेव्हरंड टटवायलरनी लावली होती, सातही ठिकाणी मी केक खाल्ला होता, आणि सातही ओळींपुढे जागा कोरी होती. चौथी ओळ आमच्या चर्चमधल्या ओसी मेची आणि तिच्या नवऱ्याची. हीच ओसी मे, जिने आदल्या वर्षी एका पोरीला लग्नाशिवाय एकाबरोबर राहते म्हणून चर्चच्या गायनातून काढलं होतं. मला हसू यायला हवं होतं. पण वाटलं, हे पान या गावात फक्त मला वाचता आलंय आणि आता ते माझ्याकडून मिटणार नाही.

"नवं लायसन काढा ना," मुलगी हळूच म्हणाली. "दोघांनी समोर यायला हवं. अर्ज केल्यावर तीन दिवस थांबायचं, मग मिळतं."

"तो आजारी आहे. घरी नाही का येत कोणी?"

"नाही हो. सही माझ्यासमोरच व्हायला लागते."

संध्याकाळी टॉलिव्हरला सूप पाजलं. त्याला धक्का बसला तर काय, या भीतीने मी तीनदा भांडी घासली. शेवटी त्याच्यासमोर बसले.

"टॉलिव्हर, आपलं लग्न झालेलं नाहीये."

"आत्ता सांगतेस होय? चार पोरं झाल्यावर?"

मी हसले नाही. जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं. तो खिडकीकडे वळला.

"त्याने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कोणी?"

"खिडकीतल्या त्या माणसाने. लग्न लागलं की कागद परत आण, म्हणाला. तू दाराशी होतीस. मी ऐकलं होतं, डेला."

मी खुर्ची त्याच्या आणखी जवळ ओढली.

"त्याच आठवड्यात लॉन्झो गेला होता ना कोर्टाच्या पुढच्या पायऱ्या चढून, मतदार यादीत नाव घालायला."

लॉन्झो त्याचा मावसभाऊ. चौथ्या दिवशी त्याचं प्रेत दलदलीत सापडलं होतं.

"मी दोनदा निघालो. दुसऱ्यांदा तर दारापर्यंत पोचलो. दाराशी शेरीफचा माणूस बसला होता, सफरचंद सोलत. बोलला काहीच नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं. मी वळलो आणि येताना ती चौकट घेऊन आलो. म्हटलं, काचेआड गेलं की कोण विचारतंय!"

"सदतीस वर्षं, टॉलिव्हर? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू त्या वर्गाला जायला लागलीस. दर मंगळवारी वाटायचं, आज वाचणार."

"मग मला वाच म्हणालास कशाला?"

"दमलो होतो गं. घाबरून घाबरून दमलो होतो."

मी त्याला मारावं की जवळ घ्यावं, मला कळलं नाही. उठले आणि त्याच्या पायांवर शाल घातली.

मंगळवारी लुव्हिनियाच्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही गेलो. बाजूच्या दाराला आता उतार केलाय, चाकाच्या खुर्च्या तिथूनच नेतात. मी तिकडे वळले.

"नाही," टॉलिव्हर म्हणाला. "पुढून."

"अकरा पायऱ्या आहेत. छातीत कळ आली तर?"

"तर खालीच येईन. पुढून चल."

अर्धा तास लागला. पाचव्या पायरीवर त्याचे ओठ निळे झाले आणि मी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागले. लोक बाजूने जात होते. शेरीफचा एक डेप्युटी बाहेर आला, तेव्हा टॉलिव्हरचा हात माझ्या हातात दगडासारखा घट्ट झाला. डेप्युटीने टोपीला हात लावला, दार धरून ठेवलं आणि निघून गेला. टॉलिव्हरचा हात त्यानंतरही सैल पडला नाही.

मुलीने खुर्ची दिली. टॉलिव्हरने फुली मारली. मी माझं नाव पूर्ण लिहिलं, वेळ घेऊन.

"शुक्रवारी लायसन न्यायला या, मिसेस गेन्स," ती म्हणाली.

त्या तीन दिवसांत मी त्याच्या श्वासाशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. श्वास अडकला की मी भांडं खाली ठेवायचे, सुरू झाला की उचलायचे. शुक्रवारी दुपारी लायसन आणलं. आमचा आताचा पाद्री कागदाच्या गिरणीत पाळीला जातो, तो सुटून पाच वाजता आला. टॉलिव्हरने पांढरा शर्ट घातला होता. गळ्याचं बटण लागत नव्हतं. लुव्हिनिया दोन हातांत दोन बाळं घेऊन आईबापाच्या लग्नाला उभी राहिली.

"वधू लाजत नाहीये फारशी," टॉलिव्हर म्हणाला.

"वराला दिसत नाहीये फारसं," मी म्हणाले.

पाद्रीने तारीख लिहिली, सही केली. मी प्रत्येक ओळ वाचून झाल्यावरच त्याला पेन खिशात ठेवू दिलं. पण कोर्ट साडेचारला बंद झालं होतं. सोमवारपर्यंत ते उघडणार नव्हतं. कागद मी उशीखाली ठेवला आणि त्याच्या छातीवर हात ठेवून पडून राहिले.

सोमवारी आठला मी खिडकीशी होते. मुलीने कागद घेतला.

"मिस्टर गेन्स कसे आहेत? त्या दिवशी फार दमले होते."

खरं सांगितलं तर ती कागद परत देईल, अशी मला भीती वाटली. कायदा मला माहीत नव्हता.

"आराम करतायत," मी म्हणाले.

तिने नवं पुस्तक उघडलं. आता सगळ्यांचं एकच असतं. ती लिहीपर्यंत मी उभी राहिले. मग ते माझ्याकडे फिरवायला सांगितलं आणि बोट ठेवून वाचलं. 'परत आले'च्या रकान्यात तारीख होती.

"बुधवारी एका जोडप्याला घेऊन येईन," मी म्हणाले. "म्हातारी माणसं आहेत. त्यांना मॅडम म्हणा, सर म्हणा. आणि खुर्च्या दोन लागतील."

बाहेर येऊन मी पायऱ्या उतरले आणि अंत्यविधीवाल्याकडे गेले. तो माझी वाट बघत होता.

टॉलिव्हर गेन्स, माझा नवरा, रविवारी, पाच एप्रिल एकोणीसशे सत्त्याऐंशी रोजी सकाळी, स्वतःच्या घरात वारला.