हिरव्या कडेची चादर

मी बेळगावच्या कँपातल्या चर्चमधली जांभळी चादर बोलतेय. नाताळाच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात ना, तेवढाच माझा मान. बाकी वर्षभर मी पेटीत कडुलिंबाच्या पाल्यात पडून असते. माझी कुणाला आठवणही होत नाही.

जन्म माझा शेजारच्या शहापूरचा, पहिल्या महायुद्धातला. विणकर यमनाप्पांच्या मागावरून नुकतंच एक हिरवं लुगडं उतरलं होतं, त्यांच्या भरमूच्या लग्नाचं. नवरी ठरली होती, पण नवरदेव पलटणीबरोबर लढाईवर, इराकातल्या बसऱ्याला गेला होता. लुगडं उतरलं की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेपटं मागाच्या फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात. भरमूच्या आईने, सोनाबाईंनी, माझे जांभळे धागे त्या हिरव्या शेपटांना जोडले.

विणून झालं की सांध्याची कड कापून टाकतात. यमनाप्पांनी कात्री उचलली, तशी सोनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"पोरगं लढाईवर हाय. त्येच्या लग्नाचा धागा न्हाय तोडायचा."

चर्चची कापडं शिवणाऱ्या मनुबाई मला न्यायला आल्या. जांभळ्या चादरीला हिरवी झालर! पण त्यांनी नाक मुरडलं नाही. "ऱ्हाऊ द्या, आक्का. मी आत दुमडून टाके घालते. ह्या चार रविवारी आमीबी लढाई थांबावी म्हणूनच मागतो." कुठल्याच पाद्रीसाहेबांना त्या कडेचा आजतागायत पत्ता नाही.

पहिल्या रविवारी मला वेदीवर अंथरलं. माणसं गुडघ्यांवर बसली. लढाईवर गेलेल्यांची नावं निघाली, त्यात मनुबाईंनी भरमूचंही घेतलं. मग शत्रूच्या मुलांसाठी प्रार्थना झाली. शत्रूच्या! त्यानंतर सगळे गप्प झाले. एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. शहापुरात मी नुसती घासाघीस ऐकली होती. इथे कुणी स्वतःपुरतं मागतच नव्हतं. मी साधं कापड, पण माझा धागा न् धागा शहारला.

लढाई थांबली. पलटण परतली, भरमू नाही. त्याच्या पलटणीतल्या सोबत्याने घरी येऊन मान खाली घातली, तेव्हाच सगळं कळलं.

त्या वर्षी आगमनकाळात सोनाबाई चर्चच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, या आता आपले धागे परत मागणार. मागितले असते तर कोण नाही म्हणणार होतं?

"लढाई थांबली न्हवं? मग आता कुणासाठी मागतासा?"

मनुबाई उठून दाराशी आल्या. "ज्यांची पोरं आली न्हाईत त्यांच्यासाठी, आक्का. हिकडच्या आन् तिकडच्याबी."

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याजवळच बसल्या. पुढे दर आगमनकाळात त्या येत राहिल्या. आत कधी आल्या नाहीत, पण सगळ्यांबरोबर हात मात्र जोडायच्या. ते हात दिसले की मला वेदीवरच्या मेणबत्त्यांचाही विसर पडे.

यंदा देश स्वतंत्र झाला. मिठाई वाटली गेली, आणि पाठोपाठ उत्तरेतली गावं पेटल्याच्या बातम्या आल्या. मी तर पार विरले आहे. म्हणून आगमनकाळाच्या तोंडावर मनुबाई मला घेऊन शहापूरला आल्या, नव्या चादरीच्या मापासाठी. यमनाप्पा केव्हाच गेले. आता पुतण्या माग चालवतो. सोनाबाईंना धड दिसत नाही. त्यांनी चाचपडत माझी कड उसवली आणि एका हिरव्या धाग्याचा पीळ हलकेच उलगडला. तोडला नाही. नव्या ताण्याच्या जांभळ्या धाग्याला तो पिळून जोडला.

"आता कुणासाठी, आक्का?" मनुबाईंनी विचारलं.

"कुणाची तरी आई वाट बघतच आसंल की गं."

मी काही आता वेदीवर जाणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे: नव्या चादरीला कात्री लावाल, तेव्हा तो हिरवा धागा राहू द्या. अजून किती तरी पोरं घरी यायची आहेत.