सोजराबाईंची भाकर आणि मी चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जन्म पुण्यातल्या दुकानातला, जन्म गेला मात्र पिंपरीत, लक्ष्मणरावांच्या नाकावर. ते औषधांच्या कारखान्यात फिटर आणि इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पुढारी. माणूस लाखात एक, पण हट्टी, काय सांगू!

मंडळी चाळीतल्या एका खोलीत भरायची. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे मिळून मोडून खायचे, तो प्रभुभोजनाचा पाव पुण्याहून यायचा. एका रविवारी तो आलाच नाही. तेव्हा मंडळीतल्याच, जवळच्या रहाटणी गावच्या सोजराबाईंनी फडक्यातली ज्वारीची भाकर पुढे केली.

"ही चालायची नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "प्रभूनं मोडली ती गव्हाची होती."

"आमच्या घरात हीच असती. देवाला न्हाई चालत व्हय?" एवढं बोलून सोजराबाई उठल्या. पुन्हा आल्याच नाहीत.

त्या दिवसापासून लक्ष्मणरावांना चैन पडेना. आपलंच खरं हे दाखवायला त्यांनी येशूनंतरच्या पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती गुरूंचं लिखाण असलेलं जाडजूड पुस्तक मिशनकडून आणलं. शिफ्ट सुटली की मी नाकावर! शेजारी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं. दोन ओळी वाचायच्या, उठायचं, येरझारा घालायच्या, पुन्हा बसायचं. घामानं मी घसरायचो, ते ढकलायचे. "अहो, चहाचं पार पाणी झालं!" त्यांच्या पत्नी कुसुमताई ओरडायच्या. माझा तर जीव मेटाकुटीला आला होता.

हवा तो आधार सापडेना. सापडलं भलतंच. त्या काळी माणसं आपापल्या घरून भाकर आणत. आणि कुणाशी बिनसलं असेल, तर आधी समेट, मग भोजन. शास्त्रात पाहिलं, तिथेही समेट आधीच!

"म्हणजे मी बिनसलेलाच भोजनाला बसतोय," ते पुटपुटले. मला फार वाईट वाटलं.

रविवारी उपासनेआधी ते तडक रहाटणीला गेले. सोजराबाई चुलीपाशी होत्या.

"बाई, चुकलो मी. आज भोजनाला भाकर तुमच्या घरची पाहिजे."

सोजराबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाल्या, "ज्वारी संपली. बाजरीची हाय. चालंल?"

लक्ष्मणराव हसले आणि रडलेही. "चालंल बाई. तुमी संगं आलात, तरच चालंल."

सोजराबाईंनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला.

आता नवा चष्मा आलाय आणि मी कोनाड्यात धूळ खातो. मित्रांनो, आम्हा जुन्यांना अधूनमधून पुसत जा. पुस्तकंही खूप वाचा. पण कुणी तुमच्यामुळे पंगतीतून उठून गेलं असेल, तर पुस्तक तिथेच मिटा आणि आधी त्याला घेऊन या.