मनकर्णाकाकूचा मावसभाऊ

राजेश्वरी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता गुन्हेशास्त्र. पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या वस्तीवर हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना. त्यामुळे आजिनाथअप्पांची पोरगी नगरला ‘चोरांचं कॉलेज’ शिकती, असं सरळ ठरून गेलं होतं. सोयरीक घेऊन आलेल्या एका पाहुण्यानं तर अप्पांना दबक्या आवाजात विचारलं होतं, “पोरीला धरायचं शिकवत्यात का पळायचं?” अप्पा त्यावर आठवडाभर हसत होते. पोरीला मात्र राग आला होता. तिला तिच्या विषयाचा अभिमान होता आणि तो थोडा जास्तच होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक गुन्हा निवडायचा आणि तो घडूच नये म्हणून काय करता येईल ते प्रत्यक्षात करून दाखवायचं, असा विभागाचा नियम होता. मुंबईकडच्या पोरांनी मोबाईलवरची फसवणूक घेतली, एकानं दुचाकीची चोरी घेतली. राजेश्वरीनं बंद घरं घेतली. तिच्या वस्तीवर बंद घरांना तोटा नव्हता. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची, ती थेट उन्हाळ्यात परत. मागच्या हंगामात शेजारच्या वस्तीवर दोन घरं फुटली होती.

जाताना सगळे एकच करत. कुलूप लावायचं, दाराला हळद-कुंकू वाहायचं आणि उंबऱ्यावर बोराटी आडवी टाकायची. बोराटी म्हणजे बोरीची काटेरी फांदी. शेळ्या-कुत्री दाराशी घाण करत नाहीत, हे कारण सगळे सांगत. राजेश्वरीनं मात्र वर्गात फळ्यावर चित्र काढून दाखवलं. बोराटी म्हणजे घरात सहा महिने कुणी नाही, असा चोरासाठी लावलेला फलकच. तिचे मार्गदर्शक कवडेसर खूश झाले. टाळी वाजवायचे तेवढे बाकी राहिले.

“मग घर भरलेलं दिसलं पाहिजे,” सर म्हणाले. “आणि एक लक्षात ठेव. घर रिकामं आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत, तितकं चांगलं. अशा चोऱ्यांत बातमी बहुतेक जवळचाच कुणीतरी देतो.”

हे वाक्य राजेश्वरीच्या डोक्यात पक्कं बसलं.

तिनं पहिल्यांदा गाठलं मनकर्णाकाकूला. ही तिची सख्खी चुलती. घर अप्पांच्या मळ्यापासून लांब, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. काकूच्या लेकीचं, संस्कृतीचं, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं आणि त्यासाठी दोन हंगाम राबून घेतलेली पितळेची भांडी घरात होती. हंडा, कळशी, घागर, परात असं सगळं गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. काकूला त्या भांड्यांचीच काळजी होती, म्हणून ती तयार झाली. बोराटी टाकायची नाही. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा ओट्यावर. दोरीवर धोतर-लुगडं, उंबऱ्यापाशी पुरुषाच्या चपला. दर शनिवारी राजेश्वरी झाडलोटीच्या निमित्तानं येऊन कपडे बदलणार. काकूनं मान डोलावली म्हटल्यावर आणखी चार-पाच घरांनीही डोलावली.

अडलं ते एका गोष्टीवर. “आन् छबूला काय सांगू?” काकूनं विचारलं.

छबूबाई म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, दोघींच्या पोरांनी एकमेकींचं दूध प्यालेलं. एकीच्या चुलीवरचं कालवण दुसरीच्या घरात गेलं नाही असा दिवस नसायचा.

“सांगायचं की मावसभाऊ येऊन-जाऊन राहणार आहे,” राजेश्वरी म्हणाली.

“मला मावसभाऊच न्हाई.”

“छबूमावशीला तर कुठं माहीत आहे?”

“छबूला मी कवा खोटं बोलले न्हाई गं.” काकूचा चेहरा एवढासा झाला होता.

“काकू, हे खोटं नाही. ही योजना आहे,” राजेश्वरीनं सांगितलं. शिकलेल्या माणसाला खोट्यासाठी चांगला शब्द चटकन सापडतो. ट्रॅक्टर निघताना काकूनं छबूबाईला सांगायचं ते सांगून टाकलं.

योजना छान चालली. इतकी छान की पौषात एका दुपारी कुणीतरी काकूच्या घराचं कुलूप काढलं आणि वस्तीवर कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

बोराटी असती तर काय झालं असतं हे राजेश्वरीला नंतर सुचलं. त्या काट्याला परका हात लागलेला दिसला असता तर समोरच्या ओसरीवरून छबूबाईनं अशी काही आरोळी ठोकली असती की डोंगरावरचे गुराखी खाली आले असते. बोराटी टाकली की ते घर वस्तीच्या नजरेत ठेवलेलं असायचं. येता-जाता प्रत्येकजण तिकडं एक नजर टाकायचाच, न सांगता, न ठरवता. राजेश्वरीनं चोराचा विचार केला होता, शेजाऱ्याचा केलाच नव्हता.

पुढच्या शनिवारी ती कपडे बदलायला आली, तर छबूबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. चेहरा हसरा.

“राजे, तुजा मामा येऊन गेला की गं! लई गरीब मानूस. बोलत म्हनून न्हाई.”

“कोणता मामा?”

“आता कोंता म्हंजे? मनकर्णाचा मावसभाऊ. भांड्याचा आवाज आला म्हनून मी गेले. म्हनलं, तुमी मनकर्णाचे भाऊ का? व्हय म्हनला. म्हनलं, भांडी काढलीत, संस्कृतीच्या लग्नाची कल्हईला नेता का? व्हय म्हनला. म्हनलं, जेवला न्हाई वाटतं? तर तवा बी व्हय म्हनला. मग भाकरी आन् वांग्याचं कालवण नेऊन दिलं. हंडा टेम्पोत चढवायला मीच हात लावला, एकट्याला कुठं उचलतोय. ताट सुदिक धुऊन ठेवलं बिचाऱ्यानं.”

राजेश्वरीनं दार ढकललं. गोणपाट तेवढं घडी घालून ठेवलेलं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. माणसं जमली, पाटील आले, दुपारनंतर हवालदार आले. छबूबाईनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण तिला लपवायचं काही नव्हतंच. तिथंच ती फसली. मनकर्णाला मावसभाऊ आहे हे वस्तीवर दुसऱ्या कुणी कधी ऐकलं नव्हतं. हवालदारांनी राजेश्वरीला विचारलं, “तुम्ही पुतणी ना? असा कुणी मामा आहे का?”

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण सगळी वस्ती उभी होती, ‘चोरांचं कॉलेज’ म्हणून हसणारी, आणि राजेश्वरीची जीभ टाळ्याला चिकटली.

“काकूलाच विचारा,” ती म्हणाली.

बस्स, एवढंच. हवालदारांनी तिथल्या तिथं छगनकाकाला फोन लावला, तो बंद होता. पण लोकांना धागा मिळाला. मावसभाऊ छबूबाईनंच रचला, असं दोन दिवसांत पारावर ठरलं. चोराला जेवू कोण घालतं? हंड्याला हात कोण लावतं? आणि कुठला चोर ताट धुऊन ठेवतो, घरचा असल्याशिवाय? धुतलेलं ताट हा तर सगळ्यांत मोठा पुरावा झाला. छबूबाई पाण्याला जाईनाशी झाली. दिवसाही दार लावून बसू लागली, फोन आला तर उचलेना.

राजेश्वरीनं नगरला जाऊन कवडेसरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बाकीची घरं सुरक्षित आहेत ना? मग प्रकल्प यशस्वीच आहे. हे अहवालात मर्यादांमध्ये एका ओळीत लिही.”

अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, “आता तोंड उघडलंस तर लोक म्हनतील पोरीनंच चोराला वाट दाखवली. डिग्री तोंडाशी आलीय. गप ऱ्हा.”

ती गप्प राहायचा प्रयत्न करत होती. पण अहवाल लिहायला बसली की ती एक ओळ लिहून होईना. त्या ओळीत छबूबाई कुठं बसवायची हेच तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं कागद सारले आणि श्रीगोंद्याची एस.टी. पकडली.

काकूची टोळी साखर कारखान्यापासून थोडं लांब उतरली होती. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या, मागं बैलांचा गोठा, पुढं वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, आणि पलीकडच्या उसाच्या फडात कोयत्यांचा आवाज. छगनकाका मोळ्या बांधत होता. त्यानं पुतणीला पाहिलं आणि नुसतं हातानं बांधाकडं दाखवलं. मनकर्णाकाकू बांधावर कोयत्याला धार लावत बसली होती. चोरीची बातमी मुकादमाकडून कधीच पोचलेली होती.

“काकू, भांडी माझ्यामुळं गेली,” राजेश्वरी तिच्यासमोर खाली बसत म्हणाली. वाटेत तिनं बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं हे एवढंच तोंडातून निघालं.

“भांडी गेली ती गेली.” काकूनं धार लावायची थांबवली नाही. “दुसरी घिऊ. न्हाई तर इस्टीलची दिऊ. मला सांग, छबूनं त्याला जेवू घातलं, हे खरं हाय का?”

“खरं आहे.”

“का घातलं?”

“तुझा भाऊ समजून.”

काकूचा हात थांबला. ती म्हणाली, “मी तिला खोटं बोलले, राजे. आन् ती माज्या खोट्याला भाकरी घालून आली.”

राजेश्वरीला रडू कोसळलं. आठ दिवस दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. लोक काय म्हणतात, हवालदाराला तिनं काय सांगितलं, छबूमावशी दार लावून कशी बसते, सगळं. काकूनं ऐकून घेतलं. पोरीला जवळ घेतलं नाही आणि झिडकारलंही नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले.

“लाव फोन.”

“ती उचलत नाही.”

“तू लाव. तुजा नंबर तिच्याकडं न्हाई.”

पलीकडं खूप वेळ घंटी वाजली. मग एक बारीक आवाज आला, “कोन?”

“छबू, मी मनकर्णा. ठिऊ नको. मला मावसभाऊ न्हाई. कवाच नव्हता. मी तुला खोटं बोलले.”

राजेश्वरीनं फोन हातात घेतला. आता तिची जीभ कुठंच चिकटली नाही.

“मावशी, मी राजेश्वरी. ते खोटं माझं होतं. मीच काकूला बोलायला लावलं. तुम्ही दार उघडा, ओसरीवर या, फोनचा आवाज मोठा करा आणि पारावर जो कुणी असेल त्याला हाक मारा. मला सगळ्यांसमोर सांगायचंय. हवालदारांनाही मी उद्या जाऊन लिहून देते.”

कडी निघाल्याचा आवाज आला. मग छबूबाईची आरोळी, तीच, डोंगरापर्यंत जाणारी. माणसं जमल्याची कुजबुज ऐकू आली तसं राजेश्वरीनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बोराटी कुणी काढली, दिवा कुणी लावला, मावसभाऊ कुणी जन्माला घातला, आणि हवालदारांनी विचारलं तेव्हा कोण गप्प बसलं. तिनं काही गाळलं नाही.

“ऐकलं का रं सगळ्यांनी?” छबूबाईनं विचारलं. कुणीतरी पुटपुटलं. “न्हाई, मोठ्यानं बोला. ऐकलं का?”

“ऐकलं, ऐकलं,” दोन-तीन पुरुषी आवाज आले.

“मग जावा आता आपापल्या घरी.” आणि मग फोनमध्ये, एकदम तिखट: “आन् तू गं मनकर्णे! मला आधी सांगितलं आसतंस तर त्या मुडद्याला भाकरी न्हाई, पायतान वाढलं आसतं मी! दोनदा कालवण घातलं त्याला. दोनदा! तुजा भाऊ म्हनून!”

“चुकलं माजं, छबू.”

छबूबाई आणखी बरंच बोलली. वीस-पंचवीस वर्षांतलं काय काय काढलं तिनं. काकू फोन कानाला लावून मान खाली घालून ऐकत होती आणि राजेश्वरी वाढ्याचं पातं बोटाला गुंडाळत बसली होती. शिव्यांचा भर हळूहळू ओसरला. मग छबूबाई थांबली, नाक ओढलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली,

“दुपार झाली. जेवलीस का गं तू?”

भांडी गेल्याचं कळलं तेव्हा मनकर्णाकाकू रडली नव्हती. आता तिनं कोयता बाजूला ठेवला, तोंडाला पदर लावला, आणि फोनवर नुसतीच “न्हाई” म्हणाली.